उस्तादांचा हात

रोसारियो, १४ मार्च २००५

उस्ताद मोन्सोन,

तुमच्या गल्लीतल्या पावाच्या दुकानात मी चार वेळा फोन केला. चारही वेळा दुकानवाल्या योलांदाबाई स्वतः तुमच्या दारापर्यंत जाऊन आल्या आणि चारही वेळा त्यांनी एकच निरोप आणला, “बाई, ते दाढी करतायत.” सकाळी दहाला दाढी. दुपारी चारला दाढी. शनिवारी संध्याकाळी सात वाजताही दाढीच. यायचं नसेल तर येत नाही म्हणून सांगा, उस्ताद, पण मला खुळी समजू नका.

म्हणून पत्र लिहितेय. फोन तुम्ही घेणार नाही, आणि नदीपलीकडे दुसरं काही पोचत नाही.

प्रयोगशाळेत तुमच्या जागेवर फाबियान नावाचा माणूस आलाय. स्वभावानं चांगला आहे. सगळ्यांना आपला कडू माते-चहा पाजतो, वाढदिवस लक्षात ठेवतो. पण त्याच्या हातात चिमटा दिला की मला खोलीबाहेर जावंसं वाटतं. पहिल्या खेपेला त्यानं बारा उंदरांच्या मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी काढल्या, टाके घातले आणि पिंजऱ्यात साधं पाणी ठेवलं. साधं पाणी! सोमवारी बाराच्या बारा मेलेले. मी म्हटलं, “अरे, मीठ कुठाय?” तर म्हणतो, “त्यांना पण मीठ लागतं, डॉक्टरबाई?” ज्याच्या शरीरात मीठ धरून ठेवणारी ग्रंथीच उरली नाही, त्याला मिठाचं पाणी द्यायचं, हे गेल्या एकतीस वर्षांत मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. ते तुम्ही बघत होता, आणि तुम्ही बघताय हेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मीठ होतं. पण ग्रंथी चिमट्यात चेंगरल्या, फुटल्या, अर्ध्या आतच राहिल्या. रक्तात त्या ग्रंथीचं स्टेरॉइड, कॉर्टिकोस्टेरॉन, इतकं, जणू शस्त्रक्रिया झालीच नाही. अशा उंदराच्या छातीतल्या थायमसमध्ये स्टेरॉइड सापडलं तर ते थायमसनं स्वतः केलं की मागे राहिलेल्या तुकड्यानं धाडलं, हे कोण सांगणार?

आरासेली पाऊतासो आठवते? तुम्ही गेलात त्या वर्षी आली होती. तुम्ही तिला ‘चिमणी’ म्हणायचात. आपला तोच प्रश्न तिनं प्रबंधाला घेतलाय. मध्यंतरी परदेशात कुणीतरी आतड्याच्या बाबतीत असंच काहीतरी छापलं, आणि आता थायमस स्वतःचं स्टेरॉइड स्वतः करतो म्हटलं तर कुणी हसत नाही. दोन हजार तीनमध्ये हसत होते. डिसेंबरपर्यंत तिचं काम झालं नाही तर तिची शिष्यवृत्ती संपते. तिला चोवीस उंदीर हवेत, नीट केलेले. या देशात ते नीट करणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो दिवसभर दाढी करतो.

दहा दिवस या. पूल झालाय, बसनं दोन तासांचाही रस्ता नाही. समितीसमोर मी त्या दिवशी जे बोलले त्याचा राग असेल, तर तो दहा दिवस बाजूला ठेवा. शस्त्रक्रियेत काही राहून गेलं असेल, एवढंच तर म्हणाले होते. असं बोलणं आमच्या धंद्यात रोज होतं.

निदिया फेरारेसी

रोसारियो, २९ मार्च

उस्ताद,

तुमची चिठ्ठी मिळाली. दोन ओळी. “डॉक्टरबाई, माझ्या हातून तुकडे राहून जातात, हे आपणच सांगितलंत. दुसरं कुणी बघा.”

झालं? बरं वाटलं लिहून?

आणि अक्षर तरी धड काढायचं होतंत. ज्या माणसाची बाटल्यांवरची लेबलं छापील वाटायची, त्यानं मला हे मुंगीच्या पावलांसारखं, ओळीच्या शेवटी बारीक होत जाणारं काहीतरी खरडून पाठवावं! राग आलाय हे मला कळतं. तो कागदावर दाखवायची गरज नव्हती.

तुम्हा सेंत्राल फुटबॉल क्लबवाल्यांचं हेच. हरले की दीड वर्ष तोंड शिवून बसायचं. मी नेवेल्सची आहे, आम्हाला हरायची सवय आहे, आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर येतो. तुम्ही काय केलंत? एक शब्द न बोलता चिमटे धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले आणि निघून गेलात. एकतीस वर्षांच्या ओळखीत मला एक शिवीसुद्धा दिली नाहीत. दिली असतीत तर मीही दिली असती आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं.

ती समिती नुसती नोंदी बघायला आली नव्हती. प्रयोगशाळा चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला आली होती. तुम्ही केलेले अडतीस उंदीर, त्यातल्या बत्तीस जणांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन शून्य आणि सहा जणांच्या रक्तात काहीतरी. समितीतल्या त्या टक्कलवाल्यानं त्या सहांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कुठून आलं?” मी काय सांगायला हवं होतं? तुम्ही दारात काचपट्ट्यांचा ट्रे धरून उभे होता. मला दिसत होतं. पण मागे अकरा जणांच्या नोकऱ्याही दिसत होत्या.

मी कुणाला फाशी दिली नाही, उस्ताद. एक वाक्य बोलले.

आरासेलीनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिला तुमच्याबद्दल काहीच राग नाही. कसा असेल? तिच्याकडे दोन ओळींच्या चिठ्ठ्या येत नाहीत.

निदिया

रोसारियो, १८ एप्रिल

उस्ताद,

बसा आधी.

फाबियान मागच्या थंड खोलीतलं कपाट आवरत होता. हे त्याला चांगलं जमतं. सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यामागे त्याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत मेणाचे ठोकळे, शहात्तर. प्रत्येकावर पेन्सिलीनं उंदराचा क्रमांक आणि ‘डा’ किंवा ‘उ’.

तुम्ही कधी बोलला नाहीत! अडतीसच्या अडतीस उंदरांना मारल्यावर तुम्ही त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांवरची जागा चरबीसकट कापून घेतलीत, मेणात बसवलीत, आणि कुणी मागितली नाही म्हणून डब्यात ठेवून दिलीत. मी चक्रावून गेले. ज्या दिवशी समितीनं विचारलं, त्या दिवशी हा डबा आणून टेबलावर का आदळला नाहीत?

तीन आठवडे आम्ही दोघी ते ठोकळे कापतोय. एकेका ठोकळ्याचे केसाएवढे पातळ काप, एकही न गाळता, काचेवर, रंगवून. डोळे गेलेत माझे. आरासेली एका सूक्ष्मदर्शकावर, मी दुसऱ्यावर, आणि एकीनं बघितलेलं दुसरीनं परत बघायचं. अॅड्रिनलची एक पेशी दिसली तरी ओरडायचं, असं ठरलं होतं. कुणी ओरडलं नाही.

शहात्तर ठोकळे. चरबी, रक्तवाहिन्या, टाक्याजवळ थोडी सूज. ग्रंथीचा कणसुद्धा नाही. त्या सहा उंदरांतही नाही. मी ते सहा तीनदा बघितले.

तर ऐका. तुमच्या हातून काहीही राहिलं नव्हतं. हे मी लेखी देतेय, तारखेसकट. आता समाधान? आता येता का?

निदिया

रोसारियो, ९ मे

उस्ताद,

योलांदाबाईंचा फोन आला. पलीकडून पावाच्या भट्टीचा आवाज येत होता. त्या ओरडूनच बोलल्या. “बाई, ते इथे माझ्याजवळ उभे आहेत, पण फोन हातात घेत नाहीत. विचारतायत, अडतीसच्या अडतीस?” मी म्हटलं, हो. त्यांनी तुम्हाला सांगितलं. मग परत, “दोन्ही बाजूंचे का, विचारतायत.” हो, दोन्ही बाजूंचे. मग, “नक्की का, विचारतायत.” मी चिडले. म्हटलं, “त्यांना सांगा, माझ्यावर विश्वास नसेल तर इथे येऊन स्वतः बघा म्हणावं!” आणि फोन आपटला.

नंतर वाटलं, ज्याला आपण बरोबर असल्याची खात्री आहे तो माणूस तीन-तीनदा विचारत नाही. पण ते मी तेव्हा सोडून दिलं, कारण इथे प्रयोगशाळेत दुसरीच आग लागली होती.

ती आता सांगते. हे वाक्य मी चार दिवस टाळतेय.

आरासेली साधी नाही. ठोकळे स्वच्छ निघाल्यावर सगळे आनंदात, ती मात्र विचारते, “डॉक्टरबाई, तुकडा राहिला नव्हता तर त्या सहांच्या रक्तात ते आलं कुठून?” मी म्हटलं, बघू. मी ‘बघू’ म्हणाले. तिनं माझं कपाट उघडलं, जुन्या मोजणीची फाइल काढली आणि एक कागद माझ्यासमोर धरला. “ही तारीख बरोबर आहे का?”

सतरा डिसेंबर २००३.

उस्ताद, त्या सहा उंदरांचं रक्त मी मोजलं होतं. मी, एकटीनं, सप्टेंबरात, समितीच्या आदल्या शुक्रवारी. बाकी बत्तिसांचं रक्त मोजण्याआधी वेगळं करून, गाळून घेतलं होतं. त्या सहांना वेळ नव्हता, द्रावक संपत आलं होतं, मी तसंच घातलं. आपलं ते मोजणीतलं प्रतिपिंड कसं आहे तुम्हाला माहीत आहे. चुलत भावंडांनाही तेच समजून मिठी मारतं. गाळून घेतलं नाही तर प्रोजेस्टेरॉनलाही कॉर्टिकोस्टेरॉन म्हणून धरतं. रक्तात काही नव्हतं. माझ्या नळीत होतं.

डिसेंबरात, तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी, मी उरलेलं गोठवलेलं रक्त काढलं, नीट गाळून परत मोजलं. सहाच्या सहा शून्य. कागद फाइलमध्ये लावला आणि फाइल कपाटात ठेवली. तेव्हापासून मला माहीत आहे. मार्चमध्ये तुम्हाला पहिलं पत्र लिहिताना माहीत होतं. ठोकळे कापतानाही माहीत होतं. काय निघणार हे मला आधीच ठाऊक होतं, तरी तीन आठवडे डोळे फोडत बसले, कारण ठोकळे स्वच्छ निघाले की सगळे खूश होतील, पुढे कुणी विचारणार नाही आणि माझी मोजणी काढायची वेळ येणार नाही, असं मी धरून चालले होते.

आणि वाक्य. पहिल्या पत्रात मी ते धुऊन लिहिलं. मी ‘काही राहून गेलं असेल’ असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, “शस्त्रक्रिया आमच्या जुन्या तंत्रज्ञानं केल्या आहेत. वयामुळे त्याचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.” तुम्ही दारात होता. ट्रेमधल्या काचा एकदा किणकिणल्या, तेही मला ऐकू आलं.

आरासेली माझ्याशी बोलत नाही. कामाचं विचारलं तर कागदावर लिहून देते. चार दिवस झाले. तेवीस वर्षांची मुलगी मला माझ्याच प्रयोगशाळेत चिठ्ठ्या पाठवते!

यायचं तर या. नाही आलात तर आता मी काही म्हणणार नाही.

निदिया

रोसारियो, ३० मे

उस्ताद,

चिमणी परत आली.

ती तुमच्याकडे जातेय हे तिनं मला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी रजेचा अर्ज ठेवला आणि गायब. गोठवलेले मेलेले उंदीर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून बसमधून घेऊन गेली! शेजारच्या काकूंनी विचारलं, “आइस्क्रीम का गं, पोरी?” तर म्हणे, “हो, पण माझं नाही.” पुलावर पोलिसांनी डबा उघडायला लावला असता तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात माझं नाव असतं.

आज सोमवारी आली ती थेट माझ्या खोलीत, दार लावून घेतलं. पंचवीस दिवसांनी पहिल्यांदा बोलली. मी तिचे शब्द तसेच लिहिते, माझ्याकडे दुसरे नाहीत.

“डॉक्टरबाई, उस्तादांच्या गालावर कापल्याच्या सात-आठ खुणा आहेत. दाढी करायला त्यांना तास लागतो. उजवा हात बसल्या जागी थरथरतो. माते ओतताना अर्धं टेबलावर. डॉक्टरनं नाव सांगितलंय, पार्किन्सन. ते म्हणाले, ‘बाई बोलल्या तेव्हा माझा हात ठीक होता, असं मला वाटत होतं. पुढच्या जानेवारीत करंगळी थरथरायला लागली. तेव्हा कळलं, बाईंना माझ्याआधीच दिसलं होतं. त्या उगीच बोलणाऱ्यातल्या नाहीत.’”



मी दीड वर्ष समजत होते की तुम्ही रुसला आहात. तुमचा अहंकार, तुमचा हट्ट, सेंत्राल, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या माझ्या. आणि तुम्ही तिकडे बसून माझ्या थापेवर विश्वास ठेवत होता. एकतीस वर्षांतले किती उंदीर बिघडले असतील, कुणाचे प्रबंध आपल्यामुळे चुकले असतील, हे मोजत होता, असं चिमणी म्हणाली. एक वही दाखवली म्हणे तुम्ही तिला. जुन्या विद्यार्थ्यांची नावं लिहिलेली, त्यांना कळवायला हवं म्हणून. ती वही जाळा. आज जाळा. विनंती करत नाही, ओरडून सांगतेय.

मी उगीच बोलणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आणि तुमच्या अक्षरावरून मी काय बोलले ते मला आठवतंय. पत्र परत मागता येत नाही.

आरासेली म्हणते, दोन दिवस तुम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिला शिकवलंत. स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसलात आणि फक्त तोंडानं सांगत राहिलात. “ग्रंथीला शिवायचं नाही. ती आहे हे विसर. तिच्याभोवतीची चरबी धर आणि सगळं मिळून उचल, म्हणजे तिला कळणारच नाही की ती निघाली.” तिनं मला ते हवेत करून दाखवलं. मनगट जरा आत वळवून, करंगळी टेकवून, तुमच्यासारखं. मी बघितलं आणि तिला म्हटलं, “आता जा, मला काम आहे.” काम काही नव्हतं.

निदिया

रोसारियो, २२ जुलै

उस्ताद,

चोवीस झाले. एकही मेला नाही. पिंजऱ्यांवर मिठाच्या पाण्याच्या बाटल्या, त्या भरायचं काम फाबियानकडे. तो आता ‘मीठ’ शब्द ऐकला की उठून उभा राहतो.

सगळ्या मोजण्या आरासेलीनं केल्या. मी नळीला हात लावला नाही. तिनं लावू दिला नसता. सगळं रक्त गाळून. चोवीसच्या चोवीस जणांच्या रक्तात शून्य. आणि थायमसमध्ये आहे. भरपूर नाही, पण आहे. मग तिनं थायमसचे तुकडे बशीत जिवंत ठेवले, त्यांना कच्चा माल दिला, आणि सकाळी त्यांनी त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन करून ठेवलेलं. शरीरात दुसरीकडे काहीही नसताना, बशीत, एकट्यानं.

तुम्ही नवीन पोरांना सांगायचात, “मोठा कारखाना मूत्रपिंडावर असेल, पण या थायमसच्या घरात चूल पेटलेली आहे, मला वास येतो.” मी तुम्हाला गप्प करायची. म्हणायची, वासावर विज्ञान चालत नाही. जी पेशी उद्या आपल्याच अंगावर उलटेल तिला मारायचं आणि जी राखण करेल तिला जगवायचं, हे थायमस ठरवतो. तो निवाडा या घरच्या चुलीवर होत असेल तर पुढची वीस वर्षं पुरेल एवढं काम आहे. मला नाही पुरायचं. चिमणीला पुरेल.

लेख तयार आहे. नावं, पाऊतासो, मोन्सोन, फेरारेसी. या क्रमानं. तुम्ही तिच्यापाशी “माझं नाव नको, मी नुसता कापणारा” म्हणालात म्हणे. मी ऐकलेलं नाही. लेख पोस्टात पडला. आता काय ओरडायचं ते ओरडा.

नोव्हेंबरात मार देल प्लाताला वार्षिक संमेलन आहे. समितीतले सगळे असतील. मी बोलणार आहे.

निदिया

मार देल प्लाता, १७ नोव्हेंबर

उस्ताद,

हॉटेलातून लिहितेय. तुमची चिठ्ठी आरासेलीनं मला व्यासपीठावर चढायच्या पाच मिनिटं आधी दिली. म्हणे, तुम्ही तसंच सांगितलं होतं. पाच मिनिटं आधी! मला ती वाचायला तीन लागली, अक्षर लागेना. “अडतीस उंदरांबद्दल सांगा. माझ्या आत्ताच्या हाताबद्दल सांगू नका. लोक मिसळतील.”

बरोबर आहे. मिसळले असते. माझ्या मसुद्यात तुमच्या आजारावर एक छान हळवा परिच्छेद होता. तो खोडला. खोडल्यावर कळलं की तो मी स्वतःसाठी लिहिला होता, लोकांनी माझ्याबद्दल हळहळावं म्हणून.

आधी आरासेलीनं निकाल मांडले. मग मी उठले. कागद न बघता बोलले, कारण चष्मा खोलीवर राहिला होता. म्हणाले, “सप्टेंबर २००३मध्ये मी समितीसमोर सांगितलं की आमचे तंत्रज्ञ एलिहियो मोन्सोन यांचा हात वयामुळे बिघडला आहे. ते खोटं होतं. त्यांच्या अडतीस शस्त्रक्रियांत ग्रंथीचा कणही राहिला नव्हता, त्याचे काप बाहेर टेबलावर ठेवलेत, ज्याला हवं त्यानं बघावं. चूक मोजणीत होती आणि मोजणी मी केली होती. मला हे त्याच वर्षी सतरा डिसेंबरला कळलं. मी आज सांगतेय.”

तुम्हाला वाटेल, सभागृह हादरलं असेल. छे. पहिल्या रांगेत एकजण खोकला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मग कोर्दोबाच्या एका मुलीनं हात वर केला आणि बशीतला प्रयोग किती तापमानाला केला, ते विचारलं. सदतीस अंशाला, बाई, आणखी कितीला करणार!

नंतर चहाला तो टक्कलवाला आला. खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “निदिया, एवढं सगळं काढायची काय गरज होती? असं सगळ्यांकडून होतं. आणि तो तंत्रज्ञ तर निवृत्त झालाय ना?” मी त्याचा हात खांद्यावरून उचलून त्याच्याच दुसऱ्या हातात दिला. म्हटलं, “तुम्ही दोन हजार तीनमध्ये विचारलेला प्रश्न बरोबर होता, डॉक्टर. आजचा चुकीचा आहे.”

पण एक सांगते. टेबलापाशी गर्दी झाली. म्हातारे लोक, ज्यांनी स्वतः कधीकाळी उंदीर कापलेत, ते रांग लावून तुमचे काप बघत होते. तुकुमानचा एक थकलेला माणूस सूक्ष्मदर्शकावरून उठेना. शेवटी उठला आणि आरासेलीला म्हणाला, “हे करणारा कोण? मला त्याचा हात हातात घ्यायचाय.” आरासेली म्हणाली, “तो लांब राहतो.” एवढंच म्हणाली. शहाणी आहे.

शनिवारी, तीन तारखेला, मी विक्तोरियाला, तुमच्या घरी येतेय. दाढी करत असलात तरी थांबेन.

निदिया

रोसारियो, ५ डिसेंबर

उस्ताद,

परवा दिवसभर तुमच्याकडे बसले, पण तुम्ही दारातच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देता आले.

तुम्ही रागावून विचारलं नव्हतंत. बाहेरचं दार उघडून, कुत्र्याला मागे सारत, जसं एखादा बसची वेळ विचारतो तसं विचारलंत, “डॉक्टरबाई, डिसेंबरात कळलं होतं, मग इतके दिवस का लावलेत?”

आणि मी काय केलं? फोनचं सांगितलं. तुम्ही फोन घेत नव्हता म्हटलं. ते तर या मार्चमधलं. मग प्रयोगशाळेचं सांगितलं, समिती परत आली असती, अकरा जणांच्या नोकऱ्या. तुम्ही मान हलवलीत आणि “या, आत या, उन्हात उभ्या राहू नका” म्हणालात. माते केलंत. टेबलावर सांडलं. मी पुसायला उठले तर म्हणालात, “राहू द्या, मला पुसता येतं.” मग दुपारभर चिमणीच्या प्रबंधाबद्दल बोललो, नदीला पाणी कमी झालंय त्याबद्दल बोललो, आणि तुम्ही मला बसपर्यंत सोडायला आलात. वाटेत पाच वेळा थांबलात आणि पाचही वेळा काहीतरी दाखवायच्या निमित्तानं थांबल्यासारखं केलंत.

बसमध्ये बसल्यापासून उत्तर शोधतेय. दोन दिवसांत तीन कागद फाडले. एकात भीती होती, एकात लाज होती, एकात माझ्या आईचं आजारपण होतं, जे खरंच होतं, पण पुढच्या वर्षी. सगळी उत्तरं चांगली दिसत होती, म्हणूनच फाडली.

खरं असं आहे. नोकऱ्यांना धोका नव्हता. जानेवारीतच प्रयोगशाळेला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. रोज सकाळी यायचे, कोट घालायचे, ते कपाट समोर असायचं. अवघड काहीच नव्हतं. एक पाकीट, एक तिकीट, तुमचा पत्ता मला पाठ होता. माझं काही अडत नव्हतं, उस्ताद. फाबियाननं बारा उंदीर मारेपर्यंत माझं काहीच अडलं नाही. मला तुमची गरज पडली तेव्हा मला तुम्ही आठवलात.

हे उत्तर आहे. याहून बरं माझ्याकडे नाही, आणि यापेक्षा बरं तुम्हाला मी पुन्हा सांगणार नाही.

मला माफ करा, असं मी परवाही म्हटलं नाही. आज म्हणतेय. उत्तराची घाई नाही. न आलं तरी मी पुढच्या शनिवारी येईन, आणि त्याच्या पुढच्या. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
निदिया